‘मॉन्युमेंट’, १९६७ : प्रोग्रेसिव्ह रॉकची बखर आणि एक अस्सल कागद

१/
प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकाराला म्हणे जन्मतारीख आहे. १० ऑक्टोबर १९६९. त्या दिवशी ‘किंग क्रिम्सन’ या इंग्लिश वाद्यवृंदाची ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ ही पहिली तबकडी बाजारात आली आणि रॉक संगीत एकाएकी वयात आले, अशी ही कथा. माहितीपटांत ती असते, ‘सर्वकालीन श्रेष्ठ शंभर’ छापाच्या याद्यांत असते, आणि इतिहासाची आवड असलेले तरुणही ती निमूटपणे पुढे पाठवतात. हा धागा त्या कथेच्या विरोधात आहे.

२/
मराठी इतिहासप्रेमींना बखर आणि अस्सल कागद यांतला फरक शिकवावा लागत नाही. बखर घटनेनंतर लिहिली जाते. शेवट ठाऊक असल्यामुळे तिला आरंभही शेवटाला साजेसा लागतो. कागद मात्र त्या दिवसाचा असतो आणि पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नसते. दोघांत विसंवाद आला की कोणाचे ऐकायचे, यावर शंभर वर्षांपूर्वीच पुरेसा वाद होऊन गेला आहे. गंमत अशी, की भाऊसाहेबांच्या बखरीतील एकेक वाक्य तपासून घेणारा वाचक पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासाकडे वळला, की त्याची चिकित्सा दाराबाहेर ठेवून आत जातो.

३/
तर कागद पाहू. वर्ष १९६७. शहर स्टॉकहोम. कंपनी पॉलिडोर. तबकडीचे नाव ‘मॉन्युमेंट’. वाजवणारी माणसे दोन : हॅमंड ऑर्गनवर बो हान्सन आणि ड्रमवर यान्ने कार्लसन. गायक नाही, गिटार नाही, बास वाजवणारा तिसरा माणूस नाही. नुसते वाद्यसंगीत. ज्या काळात रॉक म्हणजे गिटार आणि गाणे असे समीकरण पक्के होते, त्या काळात ही तबकडी दोन्ही गोष्टी वगळून उभी राहते. क्रिम्सनच्या त्या सुप्रसिद्ध ऑक्टोबरला तेव्हा किमान पावणेदोन वर्षांचा अवकाश होता.

४/
हान्सन १९४३ चा, जन्म गोथेनबर्गचा. कार्लसन १९३७ चा, म्हणजे सहा वर्षांनी मोठा. हान्सनची सुरुवात गिटारवर झाली. ‘स्लिम्स ब्लूज गँग’ आणि त्यानंतर ‘मेरीमेन’ अशा संचांतून तो अमेरिकन ब्लूजच्या वळणाचे संगीत वाजवीत होता. त्या काळी युरोपातील कोणत्याही बंदराच्या शहरात असे दहा-वीस तरुण सापडले असते. त्याचे वेगळेपण सुरू होते ते एका रात्रीपासून.

५/
स्टॉकहोममध्ये ‘यिलेने सिर्केल्न’ नावाचा जॅझ क्लब होता. नावाचा अर्थ ‘सोनेरी वर्तुळ’. डिसेंबर १९६५ मध्ये ऑर्नेट कोलमनच्या त्रिकूटाचे जे ध्वनिमुद्रण झाले आणि पुढे ‘ब्लू नोट’ कंपनीने दोन खंडांत प्रसिद्ध केले, ते याच क्लबात झालेले. याच जागी हान्सनने ‘ब्रदर’ जॅक मॅकडफ या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताला हॅमंड ऑर्गन वाजवताना ऐकले. परिणाम इतका झाला, की त्याने मेरीमेन सोडली, स्वतःसाठी हॅमंड मिळवला आणि कार्लसनला सोबत घेऊन दोघांचाच संच उभा केला. या कथेत मॅकडफचे नाव विसरू नये. पुढचा सगळा वाद त्याच्यापाशी येऊन थांबणार आहे.

६/
आता थोडे या वाद्याविषयी, कारण ते समजल्याशिवाय दोन माणसांच्या रॉकचे कोडे सुटत नाही. लॉरेन्स हॅमंड या अमेरिकन संशोधकाने १९३५ मध्ये हा विद्युत ऑर्गन बाजारात आणला. ज्या चर्चना नळ्यांचा अवाढव्य ऑर्गन परवडत नव्हता, ती त्याची मोठी गिऱ्हाइके होती. आत दातेरी धातूच्या चकत्या विद्युत्चुंबकांसमोर फिरतात आणि प्रत्येक चकती एक स्वर निर्माण करते. पुढच्या बाजूला ओढून बाहेर काढायच्या दांड्या असतात. कोणती दांडी किती ओढली यावर आवाजाचा पोत ठरतो. या ऑर्गनला बहुधा लेस्ली नावाचा ध्वनिक्षेपक जोडतात. त्याच्या आत आवाज अक्षरशः गोल फिरवला जातो, म्हणून तो कधी थरथरतो, कधी घोंघावतो.

यातला महत्त्वाचा भाग पुढेच आहे. पूर्ण आकाराच्या हॅमंडला पट्ट्यांच्या दोन ओळी असतात, एकीवर एक, आणि पायाशी लाकडी पट्ट्यांची आणखी एक ओळ. उजव्या हाताने मुख्य स्वरवाक्य, डाव्या हाताने किंवा पायाने खर्जातली चाल. बासवादकाची जागा रिकामी राहतच नाही. चकत्यांच्या यंत्रणेतला एक दोष असा, की पट्टी दाबताच बारीक ‘टक्’ असा आवाज होतो. कंपनी तो घालवण्याच्या प्रयत्नात होती आणि वादकांना तोच हवा होता, कारण त्या टकटकीमुळे ऑर्गनला तालवाद्याची धार येते. ड्रमशी बरोबरीने बोलू शकणारे सुरेल वाद्य म्हणून हॅमंड इतका चपखल का बसला, याचे एक कारण त्या न सुधारलेल्या दोषात आहे.

७/
मराठी वाचकाला पेटी आणि तबला ही जोडी परिचयाची आहे. परंतु एकल तबलावादनात पेटी नगमा धरून बसते, आणि गायनाच्या साथीत दोघेही मागे असतात. एक धरतो, दुसरा फिरतो, असा त्या नात्याचा शिष्टाचार आहे. हान्सन आणि कार्लसन यांच्यात हा शिष्टाचार सारखा मोडतो. ऑर्गन एखादे आवर्ती स्वरवाक्य धरतो तेव्हा ड्रम मोकळा सुटतो. क्षणात ड्रम ठाम होतो आणि ऑर्गन भरकटतो. मग दोघे एकदमच वळण घेतात आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात येते, की ते वळण आधीपासून ठरलेले होते. मोकळेपणा आणि पूर्वयोजना यांचे असे मिश्रण, लांबत जाणाऱ्या रचना, मधेच बदलणारी गती, शब्दांवाचून चालणारे कथन. प्रोग्रेसिव्ह रॉकची लक्षणे सांगताना पुढच्या काळातील समीक्षकांनी हीच यादी दिली आहे.

८/
‘मॉन्युमेंट’मध्ये ‘टॅक्स फ्री’ नावाची रचना आहे. एक ठसठशीत, हट्टाने परत येणारे स्वरवाक्य आणि त्याभोवती आवळत-सैलावत जाणारी गती. १९६७ मध्ये जिमी हेंड्रिक्स स्टॉकहोमला आला तेव्हा त्याची या जोडीशी ओळख झाली आणि तिघांनी एकत्र वाजवले. अशा मैफली कलावंत करतात आणि विसरतात. हेंड्रिक्स विसरला नाही. जानेवारी १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत त्याने ‘टॅक्स फ्री’ ध्वनिमुद्रित केली. मंचावरही तो ती वाजवीत राहिला.

९/
यावर जरा थांबायला हवे. १९६८ च्या आरंभी हेंड्रिक्स हा रॉकच्या जगातील सर्वांत चर्चेतला गिटारवादक होता. लंडनमधले वादक त्याला ऐकून स्वतःची गिटार खाली ठेवावी की काय या विचारात पडत होते. तो स्टॉकहोममधून काय घेऊन जातो? गिटार नसलेल्या संचाची रचना. ऑर्गनची ओळ तो गिटारवर उतरवतो, म्हणजे स्वतःच्या वाद्याला दुसऱ्या वाद्याची भाषा शिकवतो. बखर सांगते, की नवे विचार लंडनमधून निघाले आणि मग युरोपभर पसरले. हा कागद सांगतो, की निदान एक विचार उलट दिशेने गेला, आणि तो वाहून नेणारा माणूस कोणी किरकोळ नव्हता.

१०/
पहिला आक्षेप ठरलेला आहे : हे तर जॅझ, याला रॉक कशाला म्हणायचे?

आक्षेप घेणाऱ्यांनी हीच फूटपट्टी त्यांच्या लाडक्या तबकडीला लावून पाहावी. ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’वरील ‘मूनचाइल्ड’ ही रचना बारा मिनिटांची आहे. आरंभीचे छोटे गाणे संपले, की उरलेला बहुतेक भाग मुक्त, आयत्या वेळी सुचलेले वादन आहे. त्याच तबकडीच्या पहिल्या रचनेत सॅक्सोफोन आहे, आणि तिच्या मधल्या धावत्या भागात जॅझचे संस्कार लपत नाहीत. लंडनच्या वादकांनी जॅझ घेतला तर ती ‘प्रगती’ आणि स्टॉकहोमच्या वादकांनी घेतला तर ते ‘केवळ जॅझ’, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

११/
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९६७ मध्ये लंडनमध्येही बरेच काही घडत होते. प्रोकोल हारमच्या मे महिन्यातल्या गाण्याचा ऑर्गन जगभर ऐकला गेला. नोव्हेंबरात मूडी ब्लूजची वाद्यवृंदासह केलेली तबकडी आली. कीथ इमर्सनचा ‘द नाइस’ याच वर्षी उभा राहिला. त्याहीआधी, १९६५ च्या सुमारास, ग्रॅहॅम बाँड हॅमंड वाजवीत होता आणि त्याच्या संचात जॅक ब्रूस व जिंजर बेकर होते. मग एकट्या ‘मॉन्युमेंट’चे एवढे काय?

आक्षेप मान्य. एक जन्मतारीख खोडून तिच्या जागी दुसरी लिहिणे, हा इतिहासलेखनाचा सर्वांत आळशी प्रकार आहे. ‘स्वीडनने प्रोग्रेसिव्ह रॉकचा शोध लावला’ अशी घोषणा करणारा धागा उद्या कोणी लिहिला तर तोही तितकाच बखरीचा असेल. इथे दावा एवढाच आहे, की ही यादी जितकी वाढवावी तितकी १९६९ ची तारीख हास्यास्पद होत जाते, आणि लंडनच्या यादीत स्टॉकहोम घातल्यावर मात्र आणखी काहीतरी दिसू लागते. ते नुसत्या लंडनच्या यादीत सहज झाकून राहते.

१२/
झाकले जाते ते असे. रूढ कथेत प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे युरोपच्या अभिजात संगीताने रॉकवर केलेले संस्कार. बाख, सिंफनी, मोठा वाद्यवृंद, चांगल्या शाळांत शिकलेली इंग्लिश मुले. हा धागा खोटा नाही, पण अनेकांतला एक आहे. हॅमंड ऑर्गन रॉकपर्यंत आला तो काही केवळ कॅथीड्रलच्या वाटेने नाही. तो अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधील चर्चमध्ये वाजला, तिथून छोट्या क्लबांत गेला. १९५६ मध्ये जिमी स्मिथची पहिली ‘ब्लू नोट’ तबकडी आली आणि ऑर्गन, गिटार, ड्रम अशा तिघांच्या संचाची एक संपूर्ण परंपरा उभी राहिली. जॅक मॅकडफ हा त्याच परंपरेतला. पुढे जगप्रसिद्ध झालेला गिटारवादक जॉर्ज बेन्सन तरुणपणी त्याच्याच हाताखाली वाजवीत असे.

म्हणजे क्रम असा लागतो : कृष्णवर्णीय अमेरिकेचा ऑर्गन स्टॉकहोमच्या क्लबात येतो, एक स्वीडिश तरुण तो उचलतो, त्यातून गिटार काढून टाकतो, रचना लांबवतो, आणि त्या रचनेला गिटारवर परत आणतो तो सिअ‍ॅटलमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय अमेरिकन, लंडनच्या स्टुडिओत. या वर्तुळात बाख कुठेही लागत नाही. ‘गोऱ्या, सुशिक्षित, इंग्लिश तरुणांचे संगीत’ ही प्रोग्रेसिव्ह रॉकची प्रतिमा त्याच्या शत्रूंनी जितकी वापरली तितकीच त्याच्या भक्तांनीही जपली. दोघांनाही मॅकडफ अडचणीचा आहे.

१३/
मग ही जोडी विसरली का गेली? कारस्थान शोधण्याची गरज नाही. विस्मृतीची कारणे बहुधा कारकुनी असतात.

एक कारण नावाचे. कार्लसन स्वतःचे आडनाव रोमन लिपीत ‘सी’ने लिहीत असे, जोडीच्या नावात मात्र ते ‘के’ने छापले गेले. सूचीत शोधणाऱ्याची पहिली ठेच इथेच लागते. दुसरे कारण कार्लसनच्या पुढील आयुष्याचे. १९६७ ते १९६९ या काळात तीन तबकड्या झाल्या, ‘मॉन्युमेंट’, ‘रेक्स’ आणि ‘मॅन अ‍ॅट द मून’, आणि मग कार्लसन दूरचित्रवाणी व चित्रपटांकडे वळला. ‘रेपमोनाद’ आणि ‘योता कनाल’ या विनोदी चित्रपटांमुळे स्वीडनमध्ये तो ‘लोफे’ या टोपणनावाने घराघरांत पोचला. २०१७ मध्ये तो वारला तोवर त्याच्या देशातील कित्येकांच्या लेखी तो आधी विनोदी नट होता. ज्याला लोकांनी हसताना पाहिले, त्याच्या ड्रमवादनाला गांभीर्याने घेणे समाजाला जड जाते. आपल्याकडची उदाहरणे वाचकांनी आठवून पाहावीत.

१४/
तिसरे कारण एका अक्षराचे आहे. स्वीडिशमध्ये ‘प्रॉग’ हा शब्द शेवटच्या व्यंजनाला द्वित्व देऊन लिहितात आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. १९७० च्या दशकात तिथे डाव्या विचारांची, मोठ्या कंपन्यांच्या विरोधात उभी राहिलेली संगीत-चळवळ झाली. तिलाच ‘प्रगतिशील संगीत’ या अर्थाने हे नाव पडले. त्यात साधी लोकगीतेही येतात, गंभीर राजकीय पदेही आणि लांबलचक वाद्यरचनाही. बाहेरचा संशोधक एका अर्थाने शोधतो, स्वीडिश पुस्तक दुसऱ्या अर्थाने उत्तर देते. १९६७ ची ही जोडी त्या चळवळीच्या आधीची. म्हणून चळवळीच्या इतिहासात ती प्रस्तावनेपुरती येते आणि इंग्रजी इतिहासात येतच नाही. दोन कपाटांच्या मधल्या फटीत पडलेला कागद, असे तिचे वर्णन करता येईल.

१५/
तारीख कशी सरकते याचे आणखी ठळक उदाहरण हान्सनच्याच पुढल्या कामात आहे. जोडी फुटल्यावर त्याने टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर आधारलेली वाद्यसंगीताची तबकडी केली. ‘सिलेन्स’ या छोट्या स्वीडिश कंपनीने ती १९७० च्या अखेरीस काढली. (तिच्यावरील ड्रमवादकाचे आडनावही कार्लसनच, पण तो रूने कार्लसन, वेगळा माणूस. सूचीकारांचे हाल संपत नाहीत.) ब्रिटनमध्ये हीच तबकडी ‘करिझ्मा’ कंपनीने इंग्रजी नावाने आणली ती १९७२ मध्ये. तीच कंपनी ‘जेनेसिस’ आणि ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ यांच्या तबकड्या काढीत होती. विक्रीच्या यादीत ती पहिल्या चाळीसांतही गेली. परिणाम काय झाला? इंग्रजी वाचकाच्या कालपटावर हान्सन १९७२ चा ठरला, म्हणजे जेनेसिसच्या मागून रांगेत उभा राहिलेला कोणी परदेशी अनुयायी. बंदरात माल उतरल्याचा दिवस हाच मालाच्या जन्माचा दिवस मानला, की असे होणारच.

१६/
याच्या जोडीला १९८३ चे एक उदाहरण ठेवावे. त्या वर्षी पॅट्रिक मोराझ आणि बिल ब्रुफर्ड या दोघांनी ‘म्युझिक फॉर पियानो अँड ड्रम्स’ नावाची वाद्यसंगीताची तबकडी केली. पुन्हा कळफलक आणि ड्रम, पुन्हा दोनच माणसे, पुन्हा गायन नाही. तबकडी सुंदर आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. पण प्रोग्रेसिव्ह रॉकच्या कोणत्याही कोशात तिला जागा मिळायला अडचण पडत नाही, कारण दोघेही ‘येस’मधून गेलेले आणि ब्रुफर्ड तर क्रिम्सनचाही. विशेष म्हणजे मोराझ हा स्विस. म्हणजे परदेशी असण्याला हरकत नाही, लंडनच्या दारातून आत आले म्हणजे झाले. त्यातील बरेचसे वादन रॉकपेक्षा जॅझला जवळचे आहे, तरी ‘हे तर केवळ जॅझ’ म्हणून तिला बाहेर काढावे असा आग्रह कोणी धरीत नाही. सोळा वर्षे आधी हाच प्रयोग करणाऱ्यांनी मात्र स्टॉकहोमचे दार वापरले होते.

१७/
एवढा खटाटोप एका जुन्या तबकडीसाठी का, असे कोणी विचारील. स्वीडन हा श्रीमंत देश आहे. तिथे ग्रंथालये आहेत, ध्वनिमुद्रणांचे जतन आहे, तबकडी बड्या कंपनीने काढलेली आहे, हेंड्रिक्ससारखा साक्षीदार आहे. इतका पुरावा हाताशी असूनही, केवळ तो इंग्रजीच्या वाटेवर नव्हता म्हणून, कथा त्याला वळसा घालून जाते. मग ज्या भाषांच्या तबकड्या जपल्याच गेल्या नाहीत, ज्या शहरांतील क्लबांची नावेही कुठे लिहिलेली नाहीत, त्यांच्याविषयी ‘तिथे काही घडलेच नाही’ असे विधान करणाऱ्यांच्या आत्मविश्वासाला काय म्हणावे? पुरावा नसणे आणि पुरावा पाहिलेला नसणे यांतला फरक इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगितला जातो. संगीताच्या इतिहासात तो पदवीनंतर विसरण्याची मुभा दिसते.

१८/
हेंड्रिक्स १८ सप्टेंबर १९७० रोजी वारला. ‘टॅक्स फ्री’चे स्टुडिओतील ध्वनिमुद्रण त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. ते ‘वॉर हीरोज’ या मरणोत्तर तबकडीवर आले १९७२ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी करिझ्माने हान्सनची टोल्किनवरील तबकडी ब्रिटनमध्ये आणली त्याच वर्षी. त्या साली लंडनच्या एखाद्या दुकानात या दोन्ही तबकड्या काही हातांच्या अंतरावर ठेवलेल्या असू शकतील. एक ‘नवीन परदेशी माल’ म्हणून, दुसरी हेंड्रिक्सच्या खणात. हेंड्रिक्सच्या तबकडीवर त्या रचनेचे श्रेय दिलेले आहे. हान्सन, कार्लसन.